सहलीत कुत्रे चावले, तर पहिल्याच दिवशी काय करावे? (ठोसेघरचा अनुभव आणि काही प्रश्न)

रानवाट (सांगली)

गेल्या महिन्यात आम्ही चार कुटुंबे सांगलीहून सज्जनगड आणि ठोसेघर पाहण्यास गेलो होतो. धबधबा पाहून परतताना एका चहाच्या टपरीपाशी मित्राचा नऊ वर्षांचा मुलगा कुत्र्याच्या पिल्लाला बिस्किट भरवत होता. पिल्लू जेमतेम तीन महिन्यांचे असावे. त्याने बिस्किटाबरोबर मुलाच्या उजव्या हाताची तर्जनीही धरली, दात रुतले आणि रक्त आले.

पुढच्या पाच मिनिटांत जे सल्ले मिळाले, ते इथे नोंदवून ठेवतो, कारण ते सगळे आपुलकीने दिलेले होते आणि जवळजवळ सगळेच चुकीचे होते. टपरीवाल्या मावशींनी चुन्याची डबी पुढे केली. एकाने हळद दाबून फडके बांधायला सांगितले. ‘पिल्लूच तर आहे, त्याला कसला आलाय रेबीज’ असे एक जण म्हणाला, तर दुसऱ्याच्या मते धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले की काम झाले. शाळेच्या भिंतीवरचा एक फलक मला आठवत होता, म्हणून मी मुलाला पाण्याच्या पिंपाकडे नेले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे कपडे धुण्याच्या साबणाने बोट धुतले. मुलगा रडत होता, सोबतची मंडळी निघण्याची घाई करत होती, आणि पंधरा मिनिटे किती मोठी असतात हे मला त्या दिवशी कळले.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही दंडांवर लस टोचली आणि कार्ड दिले. तेथील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, ‘रक्त आले आहे, म्हणजे सिरमही, विषाणूला जखमेतच अडवणारे इंजेक्शन, लागेल. ते आमच्याकडे नाही, आजच मोठ्या रुग्णालयात जा.’ संध्याकाळी आम्ही एका रुग्णालयात पोहोचलो, तर तिथे कार्ड पाहून ‘लस सुरू झाली आहे, आता सिरमची गरज नाही’ असे सांगून आम्हाला परत पाठवले. रात्री सांगलीला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की सिरम दिले का? नंतर त्यांनी ते त्या बोटात टोचले.

माझे प्रश्न असे आहेत. एक रात्र उशीर झाल्याने काही बिघडले असेल का? त्या पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा असे सगळे सांगतात, पण आम्ही सांगलीत आणि पिल्लू ठोसेघरच्या रस्त्यावर, तर काय करावे? लसीचा अठ्ठाविसावा दिवस गणपतीत येतो आणि तेव्हा ते कुटुंब मालवणला असेल, तर तो डोस तिथे चालेल का? आणि माझ्यासारख्या वर्षभर मुलांना डोंगरात नेणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी का?

मिरजेचा वैद्य

रानवाट, आपण पिंपापाशी घालवलेली पंधरा मिनिटे हा त्या मुलावर झालेला पहिला उपचार होता आणि तो योग्य झाला. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणाने विरघळते आणि विषाणू निकामी होतो. म्हणून अंगाचा असो की कपड्यांचा, हाती लागेल तो साबण आणि वाहते पाणी घ्यावे. त्यानंतर जवळ पोव्हिडोन आयोडिन असल्यास ते लावावे. चुना, तिखट किंवा तेल लावल्याने जखम चिडते, आणि जखम चोळली गेली की विषाणू अधिक आत ढकलला जातो. घट्ट पट्टी बांधू नये. टाके शक्य तोवर टाळावेत. जखम मोठी असून ते घालावेच लागले, तर सिरम दिल्यानंतर काही वेळाने सैलसर घालावेत.

आता सिरमविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे चूक होते ती बहुतेक वेळा इथेच.

लाळेतून आत गेलेला विषाणू सुरुवातीला जखमेच्या आसपासच्या स्नायूंत असतो. तिथून तो चेतातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूतूनच वर सरकत मज्जारज्जूत आणि मेंदूत पोहोचतो. या प्रवासाला साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरातच लक्षणे दिसतात, तर क्वचित वर्ष लोटते. चेहरा, मान आणि बोटे इथली जखम अधिक धोक्याची मानतात, कारण चेहरा मेंदूच्या जवळ आहे आणि बोटांत चेतातंतूंचे दाट जाळे आहे.

लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने, तयार करू लागते, पण ती पुरेशी होण्यास आठवडा ते दोन आठवडे जातात. या मधल्या काळात विषाणूला जखमेतच अडवायला कोणीतरी हवे, आणि ते काम तयार प्रतिपिंडे करतात. त्यांनाच आपण सिरम म्हणतो. म्हणून ते दंडात किंवा कमरेत न देता जखमेत आणि जखमेभोवती टोचावे लागते. बोटात जागा कमी असते, तेव्हा मावेल तेवढेच, हळूहळू आणि बोटाचा रक्तपुरवठा दाबला जाणार नाही अशा बेताने भरावे लागते. मात्रा वजनावर ठरते. मानवी सिरम दर किलोला जास्तीत जास्त २० एकक आणि घोड्यापासून केलेले ४० एकक. मुलाचे वजन २४ किलो धरले, तर कमाल मात्रा अनुक्रमे ४८० आणि ९६० एकक होते. आता प्रयोगशाळेत तयार केलेली एकजिनसी प्रतिपिंडेही मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे रॅबिशील्ड त्यांपैकी एक आहे.

सिरम पहिल्या दिवशीच द्यावे हे उत्तम, पण ते मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत देता येते. सात दिवसांनंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात आणि बाहेरून दिलेल्या प्रतिपिंडांनी लसीच्या कामात अडथळा येऊ शकतो. आपला उशीर एका रात्रीचा आहे, त्यामुळे निश्चिंत राहावे. मात्र ‘लस सुरू आहे, सिरम नको’ हे त्या रुग्णालयातील उत्तर चुकीचेच होते. कातडी फाटून रक्त आले, ओरखड्यावर लाळ लागली, किंवा डोळ्यांत-तोंडात लाळ उडाली, तर तो तिसऱ्या श्रेणीचा संपर्क ठरतो आणि त्यात लस आणि सिरम दोन्ही लागतात. रक्त न येता नुसते खरचटले, तर दुसरी श्रेणी, तिला लस पुरते. धडधाकट कातडीला कुत्र्याने चाटले, तर पहिली श्रेणी, धुतले की झाले.

वारणाकाठ

डॉक्टर, आपण हे लिहिलेत म्हणून मी प्रथमच ही गोष्ट इथे सांगतो. माझे चुलते ऊसतोड चालू असताना रानात पाणी पाजत होते. फडातून बाहेर पडलेल्या कोल्ह्याने त्यांच्या पिंढरीला चावा घेतला. घरी येऊन त्यांनी हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला गेले. जखम आठवड्यात बरी झाली, म्हणून सगळे विसरले. दोन महिन्यांनी त्याच पायाला मुंग्या येऊ लागल्या, मग ताप आला, आणि एका सकाळी त्यांनी चहाची कपबशी हातात घेतली आणि त्यांच्या घशाला असा काही आचका बसला, की बशी खाली पडली. पंख्याचा वारा लागला तरी ते दचकत. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले, तेव्हा तेथील डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, की आता हाती काही नाही. चौथ्या दिवशी ते गेले. शेवटपर्यंत ते शुद्धीवर येऊन-जाऊन होते आणि आम्हाला ओळखत होते.

जखम बरी झाली म्हणजे धोका टळला, असे आमच्या घरात कोणालाही वाटले असते. तसे नसते, एवढ्याचसाठी लिहिले.

मिरजेचा वैद्य

वारणाकाठ, मन सुन्न झाले. आपण वर्णन केलेली लक्षणे अगदी तशीच असतात. चावलेल्या जागी मुंग्या येणे किंवा आग होणे ही बहुधा पहिली खूण असते, आणि नंतर पाण्याने व वाऱ्याने घशाचे स्नायू आखडतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशानंतरच्या या अवस्थेला ‘जलत्रास’ असेच नाव दिलेले आहे. लक्षणे दिसू लागल्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. कोल्हा, लांडगा, मुंगूस किंवा रानमांजर चावले, तर कितीही लहान जखम असली तरी ती तिसऱ्या श्रेणीची समजून लगेच उपचार घ्यावेत, आणि जंगली प्राण्याच्या बाबतीत दहा दिवस वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही.

पशुवैद्य, कराड

दहा दिवसांच्या नियमाविषयी लिहितो, कारण तो अर्धाच सांगितला जातो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधी, आणि लक्षणे दिसल्यावर ते थोड्याच दिवसांत मरते. त्यामुळे चावल्यानंतर दहा दिवसांनीही जे कुत्रे धडधाकट आहे, त्याच्या लाळेत चावण्याच्या वेळी विषाणू नव्हता असे म्हणता येते. हा नियम कुत्रा आणि मांजर या दोघांपुरताच आहे. आणि आपल्या देशात उपचार थांबवून कुत्र्यावर लक्ष ठेवायचे नसते. लस पहिल्या दिवशी सुरू करायची आणि दहा दिवसांनी कुत्रे ठणठणीत आढळले, तरच पुढचे डोस थांबवावेत की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. प्रवासात चावलेले कुत्रे पुन्हा दिसण्याची शक्यता नसते, म्हणून प्रवाशाने लसीचा क्रम पूर्णच करावा. पिल्लाविषयीचा समजही मनातून काढावा. कुत्र्याला रेबीजची पहिली लस सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या वयात देतात. भटक्या पिल्लाला ती मिळालेली नसते आणि आईपासून किंवा इतर कुत्र्यांपासून त्याला लागण होऊ शकते.

आमच्या व्यवसायातला एक धोका इथल्या दूध उत्पादकांना सांगितला पाहिजे. म्हैस चारा खाईनाशी होते, तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, आणि मालकाला वाटते की घशात काहीतरी अडकले आहे. तो बाही सरकवून कोपरापर्यंत हात तिच्या घशात घालतो. पुष्कळदा तिथे काहीच अडकलेले नसते. रेबीजने तिचा घसा लुळा पडलेला असतो, आणि हाताला दातांचे ओरखडे व लाळ दोन्ही लागलेले असतात. अशा जनावराच्या घशात उघड्या हाताने हात घालू नये, आधी पशुवैद्याला बोलवावे. हात घालून झाला असेल, तर हात साबणाने धुऊन तिसऱ्या श्रेणीचे उपचार घ्यावेत.

तासगावची गृहिणी

आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी एका घरची म्हैस पिसाळून मेली, तेव्हा तिचे दूध घेणारी तीस-पस्तीस माणसे लस घ्यायला रांगेत उभी राहिली होती. ती गरज होती का?

पशुवैद्य, कराड

ताई, दूध उकळून प्यायले असेल, तर त्यातून रेबीज झाल्याचा पुरावा नाही, कारण उष्णतेने विषाणू मरतो. रांगेतील बहुतेकांना लसीची गरज नव्हती. म्हशीच्या तोंडाला हात लावणाऱ्या दोघा-तिघांना मात्र ती निश्चित होती, आणि अशा गर्दीत नेमकी हीच माणसे मागे राहून जातात.

आटपाडीकर

मी शिक्षक आहे. हंगामात मराठवाड्यातून येणारी ऊसतोड कामगारांची मुले फडाशेजारच्या कोप्यांत राहतात, आणि त्या मुलांना कुत्रे चावल्याच्या घटना माझ्या डोळ्यांसमोर घडल्या आहेत. मोठी अडचण अशी, की मूल सांगतच नाही. ‘कुत्र्याच्या वाटेला कशाला गेलास’ म्हणून मार बसेल ही एक भीती, आणि आजोबांनी सांगितलेली पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट ही दुसरी. मागच्या हंगामात एका मुलीच्या दंडावरची जखम मला चार दिवसांनी दिसली. तिला लस सुरू केली, पण तिसऱ्या डोसाआधीच टोळी पुढच्या कारखान्याला गेली. अशा वेळी काय करावे?

मिरजेचा वैद्य

गुरुजी, चार दिवसांनी, किंवा चार आठवड्यांनीही, चावल्याचे कळले तर त्याच दिवशी जखम धुऊन लस आणि लागू असेल तर सिरम सुरू करावे. उशीर झाला म्हणून उपचार नाकारायचे नसतात.

चौदा इंजेक्शनांची आठवण खरी आहे. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती लस डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांनी हिमाचलातील कसौलीला १९११ मध्ये विकसित केली होती. तिचे डोस पोटावर घ्यावे लागत आणि तिच्यापासून मज्जासंस्थेला गंभीर त्रास होण्याचा धोका होता. भारतात २००५ पर्यंत तिचा वापर थांबला. आताची लस पेशीसंवर्धनातून तयार होते. सरकारी केंद्रांत ती कातडीत देतात. प्रत्येक भेटीत दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटर, आणि भेटी चार, म्हणजे शून्य, ३, ७ आणि २८ या दिवशी. खासगी दवाखान्यांत बहुधा स्नायूत पाच डोस देतात, शून्य, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य धरायचा. तो एक धरल्यामुळे पुढच्या तारखा चुकल्याची कार्डे माझ्याकडे पुष्कळदा येतात. डोस दंडात, अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या बाजूस द्यावा, कुल्ल्यात कधीही देऊ नये, कारण तिथल्या चरबीत लस नीट लागू होत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही हीच लस आणि हेच सिरम द्यायचे असते.

टोळी पुढे गेली तर कार्ड सोबत जायला हवे, बाकी काही अडत नाही. कोणत्याही जिल्ह्यातील सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळतो. शक्य तोवर त्याच पद्धतीने पूर्ण करावे, पण दुसरीकडे तीच पद्धत उपलब्ध नसेल, तर पद्धत बदलून पुढचा डोस घ्यावा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नये. रानवाट, आपल्या मालवणच्या प्रश्नाचे उत्तरही हेच. निघण्यापूर्वी कार्डाचे छायाचित्र आई आणि वडील या दोघांच्याही फोनमध्ये असावे.

वाईकर

मेणवली आणि महाबळेश्वरला आलेल्या पाहुण्यांकडून मला नेहमी माकडांविषयी विचारणा होते. पॉइंटवर ती हातातले कणीस ओढतात आणि नखे लागतात.

मिरजेचा वैद्य

माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, हे खरे. पण माकडालाही लागण होऊ शकते आणि चावा रक्त काढणारा असेल, तर उपचार तिसऱ्या श्रेणीचेच. कणीस द्यावे की नाही, याविषयी पाहुण्यांना आधीच सांगणे सोपे आहे, द्यायचे नाही. घरातले उंदीर, घुशी आणि खारी चावल्या, तर रेबीजची लस सहसा लागत नाही. वटवाघळाचा चावा मात्र गंभीर मानावा.

लंडनवासी विटेकर

डिसेंबरात मी दोन मुलांना घेऊन विट्याला येणार आहे आणि परतताना बालीला थांबण्याचा विचार आहे. मुले इंग्लंडात वाढली आहेत आणि दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात पडतात. त्यांना आधीच लस द्यावी का?

मिरजेचा वैद्य

द्यावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. बाली बेटावर २००८ पर्यंत रेबीज नव्हता, तिथे तो त्या वर्षी पोहोचला आणि अजून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रवाशांसाठी शून्याव्या आणि सातव्या दिवशी असे दोन डोस पुरेसे मानले. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २१व्या किंवा २८व्या दिवशी तिसराही आहे. अशी आधी लस घेतलेल्या माणसाला कुत्रे चावले, तरी जखम धुवावी लागतेच आणि शून्य व तिसऱ्या दिवशी दोन डोसही घ्यावे लागतात. सुटका होते ती सिरमपासून. जिथे सिरम मिळण्याची खात्री नाही, अशा ठिकाणी जाणाऱ्याला ही सुटका फार मोलाची आहे. रानवाट, वर्षभर मुलांना डोंगरात नेणाऱ्यांनीही याच कारणासाठी आधी लस घ्यावी. पशुवैद्य आणि वनकर्मचारी यांनी तर घ्यावीच.

कोयनेचा पाटण

इतकी चर्चा झाली, पण मूळ प्रश्न कुत्र्यांचा आहे. ती गावाबाहेर नेऊन का सोडत नाहीत?

पशुवैद्य, कराड

आपली चीड मी समजू शकतो, पण गावातली कुत्री हलवली, की कचरा आणि उरलेले अन्न तिथेच राहते आणि त्यावर शेजारच्या वाडीतली, लस न टोचलेली कुत्री येतात. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर त्यांच्यातील रेबीजची साखळी तुटते. गोव्याने २०१३ पासून घरोघरी आणि गल्लोगल्ली जाऊन हेच केले. तिथे २०१७ नंतर काही वर्षे माणसाचा एकही रेबीजबळी गेला नाही आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे मृत्यू शून्यावर आणण्याचे ठरवले आहे. पाटण खोऱ्यातल्या दोन-तीन ग्रामपंचायतींनी ठराव करून लसीकरणाचा दिवस ठरवला, तर मी माझ्या सहकाऱ्यांसह येण्यास तयार आहे. पाळीव कुत्र्यांपासून सुरुवात करू, आणि मेंढपाळांची कुत्री पावसाळा संपून वाडे (मेंढ्यांच्या कळपांचे तळ) परत फिरण्याआधी गाठावी लागतील.

कोयनेचा पाटण

आमच्या ग्रामसभेत विषय मांडतो. तारीख ठरली की इथेच कळवतो.

रानवाट (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. मुलाचा सातव्या दिवसाचा डोस झाला आहे, बोटाची सूज उतरली आहे, आणि मालवणजवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून अठ्ठाविसाव्या दिवशी डोस मिळेल याची खात्री करून घेतली आहे. काल त्याच्या आईने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच दिवशी त्या पिल्लाने त्याच्या धाकट्या बहिणीचा तळहात चाटला होता आणि तिच्या तळहातावर सायकलवरून पडल्याचे ताजे खरचटलेले होते. कुणाच्या लक्षातच आले नाही. तिला लस आणि सिरम दोन्ही लागेल ना?

मिरजेचा वैद्य

हो, दोन्ही. खरचटलेल्या कातडीला लाळ लागली, म्हणजे तिसरी श्रेणी. तिचा हा शून्यावा दिवस आहे, तिच्या भावाचा सातवा असला तरी. आत्ता हात साबणाने धुवा आणि आजच तिला घेऊन निघा. मिरजेला आलात तर मी दुपारी दोनपर्यंत आहे.

रानवाट (सांगली)

निघालो आहोत.